लाईट गेली तर गाडी आहे ना! वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात आम्ही म्हटलं होतं की घरातले स्वस्त सेन्सर आणि इलेक्ट्रिक गाडीवरून घराला बॅकअप, या दोन्हीबद्दल काय विचारायचं ते विचारा. पत्रं आली, मेसेज आले, एका काकांनी तर पिशवीवर काढलेला वायरिंगचा नकाशा स्कॅन करून पाठवला. बहुतेक सगळ्यांना "कुठलं घेऊ?" एवढंच हवंय, पण लाईट गेल्यावर घरात नेमकं किती वॅट चालवायचंय हे एकानेही लिहिलेलं नाही. आणि सगळं गणित तर तिथूनच सुरू होतं ना! म्हणून उत्तरं देताना मी ते परत परत विचारणार आहे, कंटाळू नका.

प्रश्न : दादा, आम्ही घोडबंदर रोडला कासारवडवलीत राहतो, सतरावा मजला, टू बीएचके. पुढच्या महिन्यात नेक्सॉन इव्ही येतेय. शोरूममधला मुलगा म्हणाला गाडीत व्ही टू एल आहे, घर चालतं त्यावर. आमचा जुना इन्व्हर्टर बंद पडलाय, आणि मिस्टर म्हणतात आता नवीन कशाला, गाडी आहेच की. माझं वर्क फ्रॉम होम आहे, वायफाय तरी हवाच. काय करू?

ताई, शोरूमवाला खोटं नाही बोलला, अर्धं बोलला. व्ही टू एल म्हणजे गाडीच्या चार्जिंग पोर्टला एक अडॅप्टर लावायचा आणि त्यातून २३० व्होल्टचा साधा सॉकेट मिळतो, त्यावर घरातली वस्तू चालते. सप्टेंबर २०२३ ला जी नवी नेक्सॉन इव्ही आली तिच्यापासून ही सोय आहे, ३.३ केव्हीएपर्यंत (ढोबळमानाने किलोवॅटच समजा). ह्युंदाईच्या आयोनिक ५ मध्ये ३.६ किलोवॅटपर्यंत मिळतं. पण प्रत्येक व्हेरियंटमध्ये असेलच असं नाही आणि अडॅप्टरचे वेगळे पैसे लागू शकतात, तेव्हा बुकिंगच्या कागदावर या दोन्ही गोष्टी लिहून घ्या, तोंडी नको.

आता गणित. समजा गाडीची बॅटरी ४० किलोवॅट-अवरची, म्हणजे बिलावरच्या भाषेत ४० युनिट. संध्याकाळी ऑफिसवरून आलात तेव्हा ६० टक्के शिल्लक, म्हणजे २४ युनिट. सकाळी परत निघायचंय म्हणून २० टक्के राखून ठेवले की हातात उरले १६, त्यातले थोडे डीसीचं एसी करताना जातात, धरा १४. तुमचा फ्रिज, जुने चार पंखे, एलईडी दिवे, टीव्ही, राऊटर सगळं मिळून सरासरी ५०० वॅट धरलं तर १४ युनिट म्हणजे २८ तास! आणि १५० एएचची साधी इन्व्हर्टर बॅटरी? १२ गुणिले १५०, कागदावर १.८ युनिट, हातात येतात एक-सव्वा. तोच ५०० वॅटचा लोड टाकला तर दोन-अडीच तासात ती मान टाकते. म्हणजे मिस्टरांचं गणित चुकलेलं नाहीये.

चुकलाय तो पत्ता. गाडी पोडियम पार्किंगमध्ये आणि तुम्ही सतराव्या मजल्यावर. मध्ये ऐंशीएक मीटर वायर लागेल, अडीच स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर घेतली तरी १४ अँपिअरला १५ ते १७ व्होल्ट वाटेतच पडतील. ते एक वेळ चाललं असतं, पण डक्टमधून अशी खाजगी वायर वर न्यायला सोसायटी हो म्हणणार नाही, आणि म्हणूही नये. आगीच्या वेळी तोच डक्ट धूर वर नेतो. जिन्यातून एक्स्टेंशन बोर्ड जोडत जोडत न्यायचा विचार असेल तर तो इथेच सोडून द्या.

मग तुम्हाला करायचं काय तर तीन गोष्टी. पहिली, राऊटरसाठी १२ व्होल्टचा छोटा डीसी यूपीएस, हजार-दोन हजारात मिळतो, राऊटर नि फायबरचा डबा दोन्ही त्यावर लावायचे आणि लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असतेच, म्हणजे मीटिंग तुटत नाही. दुसरी, जुने ७५ वॅटचे पंखे काढून बीएलडीसी लावा, ते ३० वॅटच्या आसपास खातात, चार पंख्यांचे ३०० वॅटवरून १२० झाले. तिसरी, मग साधा इन्व्हर्टर घ्या, त्याच १५० एएचच्या बॅटरीवर पंखे-दिवे रात्रभर नाही तरी सात-आठ तास सहज काढतात. फ्रिज त्यावर टाकू नका, दार बंद ठेवलं तर चार तास त्याला काही होत नाही.

आणि हे सगळं घ्यायच्या आधी वीज मोजणारा एक स्मार्ट प्लग आणा, साधारण हजार-दीड हजाराला १६ अँपिअरचा मिळतो. फ्रिजला आठवडाभर लावा, मग टीव्हीला, मग मिक्सरला. आकडे डोळ्यासमोर आले की दुकानदार काय गळ्यात मारतोय ते कळतं. घोडबंदरच्या बऱ्याच टॉवरना लिफ्ट आणि पाण्याच्या पंपासाठी जनरेटर असतो, काहींमध्ये फ्लॅटलाही एखाद-दोन पॉइंट दिलेले असतात, तुमच्याकडे तसा पॉइंट आहे का ते आधी सोसायटी ऑफिसात विचारा, फुकटात काम होईल.

प्रश्न : कोपरखैरणेला सिडकोचं रो-हाऊस आहे, गाडी दारातच लागते. आमच्या इलेक्ट्रिशियनने सुचवलं की दोन्ही बाजूंना पिन असलेली एक वायर बनवू, एक टोक गाडीच्या सॉकेटला, दुसरं हॉलच्या प्लगला, मेन स्विच बंद केला की अख्खं घर चालतं. पाचशे रुपयात काम. करू का?

नाही. दादा, प्लीज नाही.

त्या वायरचं एक टोक गाडीत असताना दुसऱ्या टोकाच्या पिना उघड्या आणि जिवंत असतात, २३० व्होल्ट, घरात लहान मूल असेल तर विचारच नको. आणि मेन स्विच बंद करायचं एखाद्या रात्री कुणी विसरलं, (तुम्ही नाही विसरणार, पण तुम्ही घरी नसाल तेव्हा मुलगा करेल ना), तर गाडीची वीज मीटरमधून उलटी बाहेर लाईनवर जाते. लाईन बंद आहे असं समजून महावितरणचा माणूस खांबावर किंवा फीडर पिलरवर हात घालतो. त्याचा जीव जाईल. आणि तेवढ्यात लाईट आलीच तर दोन्ही पुरवठे एकमेकांवर आदळतात आणि गाडीच्या चार्जरचा निकाल लागतो, वॉरंटीवाले हात वर करतात.

पण तुमची जागा मात्र एक नंबर आहे, गाडी दारात म्हणजे व्ही टू एलचा खरा फायदा तुमच्यासारख्यांनाच. परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून डीबीजवळ (घरातल्या फ्यूज-एमसीबीच्या डब्याजवळ) डबल पोल चेंजओव्हर स्विच बसवून घ्या, फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा. त्याची दांडी एका वेळी एकाच बाजूला राहते, एकतर महावितरण नाहीतर गाडी, दोन्ही एकत्र येऊच शकत नाहीत, मग कोण काय विसरलं याला अर्थच उरत नाही. बाहेर गाडीजवळ पावसात चालेल असा इंडस्ट्रियल टाइप इनलेट लावा, ज्यात पिना घराच्या बाजूला आत दडलेल्या असतात. घराचे सगळे सर्किट त्यावर टाकू नका, फ्रिज, पंखे, दिवे, राऊटर एवढं वेगळं काढा. अजून एक गोष्ट इलेक्ट्रिशियनला मुद्दाम विचारा, गाडीतून येणाऱ्या वीजेचा न्यूट्रल आणि अर्थिंग यांचं नातं आपल्या मेन लाईनसारखं नसू शकतं, त्यामुळे घरातला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (शॉक लागला की वीज तोडणारा स्विच) गाडीवर असताना खरंच ट्रिप होतो का ते टेस्टरने तपासून दाखव म्हणा. त्याला हे माहीतच नसेल तर दुसरा माणूस बघा. पाचशेत होणार नाही, पण गाडी किती लाखाची आहे तेही आठवा.

काय चालेल? दीड टनाचा इन्व्हर्टर एसी एकटा असेल तर चालतो, दीड-पावणेदोन किलोवॅट खातो. गिझर आणि इंडक्शन एकत्र लावलात की गाडी लगेच सप्लाय तोडेल. आणि पंप! एक एचपीचा पंप चालू असताना ११०० वॅटच्या आसपास घेतो, पण सुरू होताना क्षणभर पाच-सहा पट करंट ओढतो आणि तिथेच ३.३ केव्हीए संपतात. टाकी लाईट असतानाच भरून ठेवा.

प्रश्न : नेरुळ. सूर्यघर योजनेतून ३ किलोवॅटचं सोलर बसवलं, ७८ हजार सबसिडी पण मिळाली. पण दुपारी कडक ऊन असताना लाईट गेली तरी घरात अंधारच! सोलरवाला फसवून गेला का? आणि गाडीचं व्ही टू एल जोडून सोलर चालू करता येईल का?

फसवलं नाही काकू, फक्त आधी सांगितलं नाही. तुमचं सिस्टिम ऑन-ग्रिड आहे, म्हणजे त्याचा इन्व्हर्टर बाहेरच्या लाईनचा ताल धरून चालतो, लाईन गेली की तो मुद्दाम बंद पडतो, कारण तोच वर सांगितलेला, लाईनवर काम करणारा माणूस. नियमानेच तसं असावं लागतं. ढगफुटी असो नाहीतर रखरखीत ऊन, बॅटरी नसेल तर बॅकअप नाही.

गाडीचं व्ही टू एल जोडून सोलरला "लाईट आलीये" असं भासवायचा प्रकार मात्र अजिबात करू नका. सोलर जास्त बनवायला लागलं आणि घरात तेवढा वापर नसला की ती जादाची वीज जाणार कुठे, उलटी गाडीच्या सॉकेटात, जो वीज द्यायला बनवलाय, घ्यायला नाही. सोलरवर बॅकअप हवा असेल तर सोलर आणि बॅटरी दोन्ही सांभाळणारा हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी, हा स्वतंत्र खर्च आहे. नाहीतर दिवसा सोलरवर गाडी चार्ज करा, रात्री लाईट गेली तर चेंजओव्हरवरून गाडी वापरा आणि दोघांची गाठ घालू नका, स्वस्तातला हाच मार्ग बरा.

तुम्ही शेवटी ओझरतं विचारलंय की गाडीतली वीज महावितरणला विकता येईल का. नेट मीटरिंग, म्हणजे जादाची वीज लाईनला देऊन बिलातून वजा करून घेणं, हे छतावरच्या सोलरसाठी आहे, त्यावर गाडी चढवायची नसते. त्याला दोन्ही दिशांनी चालणारा चार्जर लागतो आणि त्याचं बोलणं समजणारी गाडी लागते. जपानात २०११ च्या भूकंप-त्सुनामीनंतर वीजटंचाई झाली आणि २०१२ मध्ये निस्सानने लीफ गाडीवरून घर चालवायची यंत्रणा बाजारात आणली, तिथे ते शाडेमो नावाच्या प्लगवर चालतं. आपल्या गाड्यांचा फास्ट चार्जिंगचा प्लग सीसीएस२. त्यावर दोन्ही बाजूंनी वीज नेण्याचा आंतरराष्ट्रीय नियम, आयएसओ १५११८-२०, आला २०२२ मध्ये. सेल्समन "व्ही टू एच रेडी" (म्हणजे गाडीवरून अख्खं घर चालवायला तयार) म्हणाला तर कुठल्या चार्जरवर चालतं ते लगेच दाखव म्हणा, विषय तिथेच मिटतो.

प्रश्न : आई नौपाड्यात एकटी राहते, ७६ वर्षांची, मी पुण्यात. कॅमेरा लावू देत नाही, म्हणते मी काय चोर आहे का. पण काळजी वाटते, गॅस चालू राहिला, दार उघडं राहिलं, पडली तर... पाच-सहा हजारात काय होईल?

आईचं बरोबर आहे हो, स्वतःच्या घरात कोण कॅमेऱ्याखाली राहणार! कॅमेरा नकोच, सेन्सर पुरे होतील.

आधी गॅस, कारण इथे लोक हमखास चूक करतात. नौपाड्यात पाईपचा गॅस आहे की सिलेंडर ते बघा. पाईपचा गॅस म्हणजे मुख्यतः मिथेन, हवेपेक्षा हलका, वर चढतो, त्याचा सेन्सर छताच्या खाली फूटभराच्या आत लावायचा. सिलेंडरचा एलपीजी जड, तो जमिनीलगत साचतो, त्याचा सेन्सर जमिनीपासून फूटभर उंचीवर. उलटं लावलं तर सेन्सर भिंतीवरची शोभा. घेतानाही खोक्यावर कुठल्या गॅससाठी आहे ते वाचा. हा सेन्सर आतून सतत गरम राहतो म्हणून छोट्या बॅटरीवर चालत नाही, प्लग लागतोच, त्यामुळे लाईट गेल्यावर तो आंधळा होतो हेही लक्षात असू द्या. मोठ्ठा आवाज करणारा घ्या, मोबाईलवर नोटिफिकेशन येऊन पुण्यात तुम्ही काय करणार, शेजारच्या काकूंना ऐकू आलं पाहिजे. आणि आईला सांगून ठेवा, अलार्म वाजला तर दिव्याच्या बटणाला हात लावायचा नाही, चालूही नाही नि बंदही नाही, रेग्युलेटर बंद, खिडक्या उघड्या, बाहेर.

मग दाराचा सेन्सर. दोन तुकडे असतात, एकात चुंबक, दुसऱ्यात छोटा स्विच, लांब गेले की कळतं. लोखंडी सेफ्टी डोअरवर मात्र चुंबकाचा जोर कमी पडतो, म्हणून आतल्या लाकडी दारावर लावा. पावसाळ्यात डबल टेप चुन्याच्या भिंतीवरून सुटून येते, चौकटीच्या लाकडावर बसवा.

आता तुमच्या खऱ्या काळजीचं. अजून एक तसाच दाराचा सेन्सर घ्या आणि फ्रिजच्या दाराला लावा. आई सकाळी दूध काढायला फ्रिज उघडणारच, त्यामुळे नियम एवढाच लावायचा की सकाळी नऊपर्यंत फ्रिज उघडला नाही तर मला कळव. बाथरूमच्या बाहेर एक हालचालीचा सेन्सर, रात्री पॅसेजचा दिवा आपोआप लावायला, कारण अंधारात बटण शोधताना म्हातारी माणसं पडू शकतात. आईला तो "दिव्याचा सेन्सर" म्हणून आवडेल, आणि तुम्हाला कळेल की उठलीये. पण तो अ‍ॅपवर तुम्हालाही दिसतो हे तिला सांगून लावा, लपवून नको.

झिगबीचे घ्या, वायफायचे नको. झिगबी म्हणजे अशा छोट्या उपकरणांसाठीचं वायरलेस, ते फार कमी वीज खातं, नाण्यासारख्या सीआर२०३२ सेलवर एक-दोन वर्षं सहज काढतं, वायफायचे सेन्सर त्या मानाने बॅटरी खातात आणि बॅटरी बदलायला पुण्याहून कोण येणार. सगळ्या सेन्सरना राऊटरशी जोडणारा एक डबा, म्हणजे हब लागेल, तेवढा खर्च धरा. हब आणि राऊटर छोट्या यूपीएसवर. मॅटर असं लिहिलेलं मिळालं तर अजून छान, २०२२ च्या ऑक्टोबरात आलेलं हे बऱ्याच कंपन्यांचं सामाईक मानक आहे, उद्या अ‍ॅप बदललं तरी सेन्सर फेकावे लागत नाहीत. आयकियानेही नोव्हेंबर २०२५ मध्ये मॅटरवर चालणाऱ्या २१ स्वस्त वस्तू जाहीर केल्या, हालचाल, दार, पाणी, तापमान वगैरे. तुर्भ्याच्या दुकानात जाणार असाल तर विचारून बघा, नाहीतर मीटबॉल खाऊन या.

प्रश्न : खारघर. पाणी कधी येईल त्याचा भरवसा नाही, पहाटे चारला उठून वाल बघावा लागतो. यावर स्वस्त सेन्सर आहे का? टाकीत लावायचे अल्ट्रासॉनिक वाले फार महाग सांगतात.

खारघरकरांचं हे दुःख नवीन नाही! अल्ट्रासॉनिक लागतच नाही तुम्हाला. फ्लोअरवर पाणी सांडलं की ओरडणारा जो लीक सेन्सर मिळतो, त्यातला वायरवाला घ्या, ज्याला दोन धातूच्या टोकांची लांब वायर असते. ती टोकं खालच्या टाकीत जिथे पाईपमधून पाणी पडतं तिथे, धारेत भिजतील पण पाण्यात बुडून राहणार नाहीत अशी टांगा, सेन्सरचा डबा बाहेर कोरड्यात. पाणी आलं की दोन टोकं जोडली जातात आणि मोबाईल वाजतो. पाणी गेलं की टोकं सुकायला वेळ लागतो म्हणून "गेलं" हा मेसेज उशिरा येतो, त्यावर विसंबू नका. दर महिन्याला टोकं पुसा, क्षार धरतात.

टाकी सिमेंटच्या जाड भिंतीत असेल तर सिग्नल बाहेर पडणार नाही, डबा झाकणाबाहेर ठेवा आणि वाटेत झिगबीचा एक प्लगवर चालणारा बल्ब किंवा स्मार्ट प्लग लावा, तो सिग्नल पुढे ढकलतो. सेलवर चालणारे सेन्सर एकमेकांचा सिग्नल पुढे नेत नाहीत, हे दुकानात कुणी सांगत नाही. पंप आपोआप चालू करायचा मोह होईल, तो थोडा आवरा. कोरडा चालून पंप जळतो, त्यासाठी टाकीत साधा फ्लोट स्विच लावा, तो कुठल्याच अ‍ॅपवर अवलंबून नाही.

प्रश्न : ऐरोली. तीन वायफाय सेन्सर घेतले, एकही जोडला जात नाही. आणि नेट गेलं की सगळंच बंद होतं का?

राऊटरचं २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ, हे वायफायचे दोन पट्टे, एकाच नावाने चालू असतील. हे सेन्सर फक्त २.४ वर बोलतात. दोन्हीला वेगवेगळी नावं द्या, मोबाईल २.४ वाल्यावर टाका, मग जोडा.

नेट गेलं की काय होतं ते सगळा हिशेब कुठे बसलाय यावर आहे. कंपनीच्या सर्व्हरवर असेल तर हो, बंद. घरातल्याच हबवर किंवा होम असिस्टंट नावाचं सॉफ्टवेअर चालवणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरवर असेल तर नेट नसलं तरी हालचाल झाली की दिवा लागतो, फक्त बाहेरगावी तुम्हाला कळत नाही. होम असिस्टंट फुकट आहे, २०१३ पासून आहे, पण शनिवार-रविवार घालवायची तयारी हवी. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबई एकदम अंधारात गेली होती, कळवा-पडघा लाईन ट्रिप झाल्यावर, लोकल जागेवर थांबल्या होत्या, तशा दिवशी मोबाईल टॉवरचाही भरवसा नसतो. म्हणून गॅस आणि पाण्याचे सेन्सर स्वतः आवाज करणारेच असावेत.

प्रश्न : कळवा. स्कूटरची बॅटरी काढता येते. त्यातून इन्व्हर्टर करून देतो असं गल्लीतला एक जण म्हणतो.

नको. कंपनीने बाहेर वीज द्यायची सोय दिलेली नसेल तर ते पॅक उघडू नका. २०२२ मध्ये स्कूटरना आगी लागल्या त्यानंतर एआयएस-१५६ चे, म्हणजे बॅटरीच्या सुरक्षेचे नियम कडक झाले, बॅटरीच्या आत सेल सांभाळणारं सर्किट असतं आणि गल्लीतला माणूस नेमकं तेच बायपास करतो. रात्री खोलीत ते पेटलं तर विझत नाही. आणि तीन-चार युनिटच्या बॅटरीसाठी एवढा जुगार कशाला, तेवढ्यात साधा इन्व्हर्टर येतो.

प्रश्न : वाशी, सोसायटीचा सेक्रेटरी. आमच्याकडे आता ११ इव्ही आहेत. लाईट गेल्यावर या गाड्यांवर लिफ्ट चालवता येईल का? मेंबर तयार आहेत.

मेंबर तयार आहेत हे वाचून बरं वाटलं, पण लिफ्ट तयार नाही साहेब. लिफ्टची मोटर थ्री फेज, साधारण पाच ते दहा एचपी, आणि गाडीतून मिळतो सिंगल फेज ३.३ केव्हीए. अकरा गाड्यांचे सॉकेट एकत्र जोडले तर बेरीज होत नाही, प्रत्येक गाडीचा सप्लाय आपापल्या तालात चालतो, ते एकमेकांत मिसळले की स्फोट नाही झाला तर नशीब. लिफ्टवाल्याकडून एआरडी बसवून घ्या, लाईट गेली की लिफ्ट जवळच्या मजल्यावर नेऊन दार उघडणारा बॅटरीचा डबा असतो, आत कुणी अडकत नाही. गाड्यांचा उपयोग करायचाच असेल तर तळमजल्यावर सिक्युरिटी केबिन, गेटचे दिवे आणि जिन्यातले दिवे हे एक वेगळं सर्किट काढा, त्याला चेंजओव्हर आणि पार्किंगजवळ एक इनलेट. हे सगळं मिळून २०० वॅटच्या वर जात नाही, एका गाडीचे दोन-तीन युनिट गेले तरी रात्र निघते. कोणाची गाडी कधी लागेल त्याचा रोस्टर आणि त्या युनिटचे पैसे मेंटेनन्समधून वजा, हे मात्र एजीएममध्ये आधी मंजूर करून घ्या, नाहीतर तीन युनिटवरून पुढचे सहा महिने भांडणं.